गेम तयार करण्याचे साधन : खंडाने, बटाईने की खरेदीने?

बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर सोबत करतो, आणि गावाबाहेर पडले की केळीच्या बागा लागतात. माग आणि बाग ह्या दोहोंवर जगणाऱ्या माणसांस साधनाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. माग स्वतःचा असावा की दुसऱ्याचा चालवावा, सूत व्यापाऱ्याकडून घेऊन मजुरीवर विणावे की पदरच्या पैशाने घेऊन माल आपण विकावा, जमीन खंडाने करावी की बटाईने, ह्या प्रश्नांचा निकाल तेथील घरांत ओट्यावर बसल्या बसल्या लागतो. परंतु ह्याच घरांतला मुलगा जेव्हा म्हणतो, "बाबा, मला मोबाइलवरचा गेम तयार करायचा आहे, त्याच्या सॉफ्टवेअरची प्रीमियम योजना घ्यायची आहे," तेव्हा त्याच अनुभवी बापाची वाचा बसते. हो म्हणावे तर पैसे बुडतील ही धास्ती, आणि नाही म्हणावे तर पोराच्या हातची संधी आपल्या अडाणीपणामुळे गेली असे आयुष्यभर ऐकावे लागेल ही दुसरी धास्ती.

समजा, असे एक घर आहे. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवितात, मजुरी कापडावर मिळते. आईने बचत गटातून वीस हजार रुपये बाजूला टाकले आहेत, ते थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. धाकटा बारावी होऊन बसला आहे, त्याच्यापाशी एक जुना संगणक आहे, आणि कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांतून वाट काढीत जाणाऱ्या एका मुलाचा खेळ त्याच्या डोक्यात वर्षभर घोळत आहे. त्या वीस हजारांपैकी नऊ-दहा हजार त्याने मागितले आहेत. ह्या घराने काय करावे, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांबरोबर करणार आहोत.

प्रथम एक शंका दूर करू. 'गेम' म्हटले की कित्येक वडीलधाऱ्यांच्या मनांत पैसे लावून खेळायचा जुगार उभा राहतो, आणि त्यांत त्यांचा दोष नाही. मोबाइलवर तसल्या जाहिरातींनी काही वर्षे थैमान घातले होते. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ त्यांपासून वेगळे काढले. भुयारांतून वाट शोधण्याचा खेळ रचणे हा चित्रकथा रचण्यासारखाच उद्योग आहे, आणि त्याकडे त्याच दृष्टीने पाहावे.

आता साधनाकडे वळू. ज्याला गेम इंजिन म्हणतात, ते सॉफ्टवेअर म्हणजे ह्या धंद्यातला माग होय. पडद्यावर चित्र हलविणे, पात्र भिंतीला आपटले की थांबविणे, योग्य वेळी आवाज काढणे ही कष्टाची कामे ते करते. नक्षी मात्र ते सुचवीत नाही. ती विणकराच्या डोक्यातूनच यावी लागते. असे माग जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या किंमतीच्या पाट्या वाचून माणूस गोंधळून जातो. पण पाटीवरचा आकडा बाजूला ठेवून करार कोणत्या जातीचा आहे एवढे विचारले, तर बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्यास तो ताबडतोब ओळखू येईल असे आम्हांस वाटते.

पहिली जात खंडाची. वर्षाचा खंड ठरला की पीक येवो वा न येवो, तो भरावा लागतो. युनिटी ह्या सुप्रसिद्ध इंजिनाची प्रो नावाची श्रेणी ह्या जातीची आहे. २०२५ च्या आरंभी तिचा दर माणशी वर्षाला २,२०० डॉलर झाला. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरला, तर हे जवळजवळ दोन लाख रुपये होतात. दुसरी जात बटाईची. एपिक कंपनीचे अनरिअल इंजिन २०१५ पासून आरंभी पैसे न घेता मिळते. पुढे एखाद्या खेळाची एकूण विक्री १० लाख डॉलरच्या वर गेली, तर वरच्या रकमेवर ५ टक्के कंपनीस द्यावे लागतात. म्हणजे पहिल्या नऊ कोटी रुपयांवर वाटा नाहीच. ही बटाई इतकी सौम्य आहे की आपल्याकडील जमीनमालकांनी ऐकून कानांवर हात ठेवावेत! तिसरी जात सरळ खरेदीखताची. गेममेकर नावाचे साधन नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स ह्यांनी १९९९ मध्ये काढले. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते शिकण्यास व हौसेखातर वापरण्यास मोफत आहे, आणि खेळ विकावयाचा झाल्यास ९९.९९ डॉलर एकदाच भरावे लागतात. आपल्या मुलाने मागितलेले नऊ हजार साधारण ह्याच मापाचे आहेत. चौथी जात गावकीच्या विहिरीची. तिच्याकडे पुढे येऊ.

खंडाच्या करारात काय धोका असतो, ह्याचे उदाहरण अलीकडेच साऱ्या जगाने पाहिले, आणि ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो. युनिटीचा जन्म २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये झाला. लहान लोकांना परवडणारे साधन अशीच तिची ख्याती होती, आणि हजारो मंडळींनी आपली वर्षे तिच्यावर खर्ची घातली. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने एकाएकी जाहीर केले की येत्या जानेवारीपासून खेळ जितक्या वेळा नव्या यंत्रावर उतरवून घेतला जाईल, तितक्या वेळा त्याच्या कर्त्याने शुल्क द्यावे. सर्वांत खालच्या श्रेणीला हा दर प्रत्येक वेळी २० सेंट होता. मात्र वर्षाची कमाई २ लाख डॉलर आणि एकूण उतरवणी २ लाख झाल्यावरच तो लागू व्हायचा. पूर्वीच बाजारात आलेले खेळही त्यातून सुटणार नव्हते. जमीन कसून झाली, पीक उभे आहे, आणि मालक बांधावर येऊन म्हणतो की आजपासून प्रत्येक घडामागे एवढे दे; प्रकार थेट असाच होता.

खेळकर्त्यांत संतापाची लाट उसळली. दहा दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरात तिचे प्रमुख जॉन रिकिटिएलो पायउतार झाले, आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे बरोबर एका वर्षाने, ते शुल्क संपूर्ण मागे घेण्यात आले. मोफत श्रेणीची मर्यादाही १ लाखावरून २ लाख डॉलर वार्षिक कमाईपर्यंत वाढविली गेली. पण दरम्यान व्हायचे ते झाले होते. अमेरिकेतील सिॲटल येथील मेगा क्रिट ह्या छोट्या कंपनीने आपल्या नव्या खेळावर युनिटीत दोन वर्षांहून अधिक काम केले होते. तिने ते सोडून दुसऱ्या इंजिनात पुन्हा मांडणी केली. दोन वर्षांचे विणकाम उसवून दुसऱ्या मागावर चढविणे म्हणजे काय, हे विणकऱ्यांस आम्ही सांगावे असे नाही.

येथे निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, ज्याची कमाई शून्य आहे अशा नवशिक्यास त्या शुल्काचा एक पैसाही लागला नसता. आजही युनिटीची मोफत श्रेणी कमाई २ लाख डॉलर होईपर्यंत वापरता येते. तेव्हा युनिटी वाईट आणि इतर चांगले असा शेरा आम्ही मारीत नाही. आमचा मुद्दा एवढाच की दर महिन्याचा आकडा पाहून हातचे पैसे मोजण्यापूर्वी करारपत्र वाचावे, आणि तीन गोष्टी विचाराव्या : भरणे बंद केले तर तयार झालेले काम उघडता येईल काय? अटी बदलल्या तर जुन्या खेळाला जुन्याच अटी राहतील काय? महिन्याचा हप्ता दिसतो तो खरोखर महिन्याचा आहे, की वर्षभर बांधून घेणारा आहे?

आता गावकीची विहीर. आमच्या कल्पनेतील त्या मुलाला कुंडी भंडाऱ्याचे वेड आहे, हे एका परीने योग्यच झाले. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान बऱ्हाणपुरास असताना, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणण्याची ही योजना झाली. शंभराहून अधिक कुंड्या, एकही पंप नाही, सारे पाणी उतारानेच वाहते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव गेले. ते पाणी भरणाऱ्यास कोणी महिन्याचे बिल पाठविले नाही. संगणकाच्या जगातही अशी सार्वजनिक साधने आहेत. त्यांपैकी गोडो नावाचे इंजिन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर ह्या दोघांनी रचले आणि २०१४ मध्ये सर्वांस खुले केले. एका नाटकात कधीच न येणाऱ्या गोडोची लोक वाट पाहत बसतात, त्यावरून हे नाव ठेवलेले आहे. सॉफ्टवेअर पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्या मंडळींनी स्वतःचीच केलेली ही थट्टा! त्याच्या परवान्याप्रमाणे खेळ विकून कितीही नफा झाला तरी कोणास वाटा द्यावा लागत नाही, आणि मूळ आज्ञावली सर्वांच्या हाती असल्यामुळे दिलेली प्रत कोणी परत घेऊ शकत नाही. ते चालते देणग्यांवर. युनिटीच्या गदारोळात टेरारिया ह्या खेळाच्या कर्त्या कंपनीने त्याला १ लाख डॉलर दिले. जीडेव्हलप हेही असेच खुले साधन आहे. त्याची प्रीमियम श्रेणी आहे खरी, पण ती मुख्यतः कंपनीच्या संगणकांवरील जादा सोयींची किंमत आहे. मूळ साधन त्यावाचून अडत नाही.

परंतु फुकटचे म्हणजे हलके, असा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. ह्या बाबतीत तो टिकत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बालाट्रो नावाचा पत्त्यांचा खेळ निघाला; एकट्या माणसाने लव्ह ह्या मोफत साधनावर तो रचला होता, आणि महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. उलट बाजूने पाहावे तर अंडरटेल हा २०१५ चा गाजलेला खेळ गेममेकरमध्ये झाला, आणि त्याची चित्रे इतकी साधी आहेत की आपल्या शाळेतील मुलेही तशी काढतील. साधनाच्या किंमतीचा आणि खेळाच्या गोडीचा काही संबंध आम्हांस तरी दिसला नाही.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या मंडळींनी राजी नावाचा खेळ केला. राजी ही मुलगी आपल्या भावाला, गोलूला, शोधीत निघते. राजस्थानी वास्तूंचा आणि छायाबाहुल्यांचा त्यात सुरेख उपयोग केला आहे. तो अनरिअल इंजिनावर, म्हणजे बटाईने, झाला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीची हाक दिली, ती पुरी पडली नाही. तरी काम चालू ठेवून २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ बाहेर आला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये नव्या स्वतंत्र कर्त्यांच्या पहिल्या खेळासाठी असलेल्या पारितोषिकाच्या नामांकनात तो झळकला. ह्या मंडळींची वर्गणी कशासाठी होती, ते ध्यानात घ्यावे. आरंभी इंजिनाला पैसे लागतच नव्हते. पैसे लागत होते ते चित्रकार, संगीतकार आणि रचनाकार इतकी वर्षे जगावेत म्हणून. खेळाच्या धंद्यात खरा खर्च माणसांच्या काळाचा आहे, आणि प्रीमियम योजना तो खर्च कमी करीत नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी जाहिरातींत कोठेच सापडत नाही आणि आपल्याला मात्र सर्वांत आधी नडते, ती म्हणजे आपली लिपी. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की झाले. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे बसते, जोडाक्षरांचे रूप बदलते. ज्या इंजिनाला हे शिकविलेले नसते, तेथे 'स्थिती'चे तुकडे तुकडे होऊन पडद्यावर विखुरतात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत, मार्च २०२३ मध्ये, अशा लिप्यांची नीट जुळणी आली. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत ती नव्हती. तेव्हा मराठी किंवा हिंदी संवादांचा खेळ करणाऱ्याने एक पैसाही देण्यापूर्वी मोफत प्रत उतरवून तिच्यात 'बऱ्हाणपूर' हा एक शब्द लिहून पाहावा. त्या ऱ्ह मध्येच भल्याभल्यांची फजिती होते! शब्द नीट उमटला तर पुढे बोलावे.

काही मुले येथे तिसराच मार्ग सुचवितात : प्रीमियम प्रत एखाद्या मित्राकडून 'क्रॅक' करून आणायची. त्यास आमचा स्पष्ट नकार आहे. सातवी आज्ञा दुकानातील मालाला लागू आणि संगणकातील मालाला लागू नाही, असे कोणत्याही प्रश्नोत्तरीत शिकविलेले नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात काय काय शिरते ते कळत नाही, आणि तिच्यावर रचलेला खेळ उजळ माथ्याने विकता येत नाही. दाराशी विहीर असताना दुसऱ्याची घागर पळविण्याचे कारणच काय?

मग पैसे द्यावेच कधी? द्यावे, अवश्य द्यावे, पण गरज दारात येऊन उभी राहिली म्हणजे. खेळ पूर्ण झाला आहे, गेममेकरमध्येच झाला आहे आणि आता तो विकावयाचा आहे, तर ते ९९.९९ डॉलर रास्त आहेत. ज्याने साधन केले त्याची ती मजुरी आहे. प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डोसारख्या यंत्रांसाठी खेळ न्यावयाचा झाला, तर बहुतेक साधनांत वरची श्रेणी लागते. कमाई दोन लाख डॉलरच्या पार गेली, तर युनिटीचा खंड भरण्यास कोणी कुरकुर करू नये. आणि मोफत साधनावर पोट भरू लागले, तर गोडोसारख्यांस देणगी द्यावी. विहिरीचा गाळ काढावयास गावानेच हात लावला पाहिजे. परंतु ज्याने अजून एकही खेळ शेवटास नेलेला नाही, त्याने प्रीमियम घेणे म्हणजे पहिला ताणा चढविण्यापूर्वी कारखान्याची जागा भाड्याने घेणे होय.

म्हणून त्या घरातील आईस आम्ही असे सांगू की थोरलीच्या प्रवेशाच्या पैशांस हात लावू नये. मुलाने गोडो उतरवून घ्यावे. ते सुमारे शंभर-दीडशे एमबीचे असते आणि जुन्या संगणकावरही चालते. अनरिअलच्या नादी त्याने तूर्त लागू नये, कारण त्यासाठी संगणकाला ३२ जीबी रॅम असावी अशी एपिकचीच शिफारस आहे, आणि जुन्या संगणकावर ते ओढून चालविण्यात पोराचा जीव जाईल. पुढे घरात दोन-तीन हजार मोकळे झाले, तर ते रॅम वाढविण्यात किंवा वीज गेली असता केलेले काम वाचविणाऱ्या यूपीएसमध्ये घालावे. शहरांतून आता गेम शिकविण्याचे वर्ग निघाले आहेत आणि त्यांची फी पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या कित्येक पट असते. तेथेही पहिला छोटा खेळ हातात असल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि पहिला खेळ खरोखर छोटा असावा. साऱ्या कुंडी भंडाऱ्याचा नकाशा नको. एक कुंडी, एक भुयार, एक मुलगा, पाच मिनिटांचा खेळ. तो तीन महिन्यांत पुरा झाला, तर वडिलांस उत्तर आपोआप मिळेल. अर्धवट राहिला, तरी घराचे नऊ हजार जाग्यावर असतील.

पहिला अटळ खर्च येतो तो बाजारात बसण्याचा. खेळ अँड्रॉइड मोबाइलवर देण्यासाठी गुगलच्या प्ले स्टोअरवर नाव नोंदवावे लागते. त्याची फी एकदाच २५ डॉलर, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार रुपये, आणि पुढे विक्रीतून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के गुगल ठेवते. ॲपलकडे हीच फी दरसाल ९९ डॉलर आहे. स्टीमवर दर खेळामागे १०० डॉलर, आणि तेही विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचली की परत मिळतात. इच.आयओ ह्या ठिकाणी खेळ ठेवण्यास काहीच पडत नाही, म्हणून आरंभ तेथून करणे बरे. प्ले स्टोअरची आणखी एक अट आहे : नव्या वैयक्तिक खातेदाराने आपला खेळ किमान १२ माणसांकडून सलग १४ दिवस तपासून घेतला पाहिजे. अशी बारा माणसे मिळवून देणाऱ्या सेवा पैसे घेऊन तयार असतात. बऱ्हाणपूरच्या मुलास त्यांची गरज नाही. थोरली बहीण, दोन मामेभाऊ, मागावरचे वडिलांचे सोबती आणि गल्लीतील शाळकरी पोरे मोजली, तर बाराचे वीस होतील. फक्त त्यांच्यापैकी कोणी चौदा दिवस संपण्यापूर्वी खेळ मोबाइलमधून काढून टाकू नये, एवढे बहिणीने पाहावे.